‘क्लर्जी हाऊस’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील ऑल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊसवरील लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘क्लर्जी हाऊस’साठी ‘पाद्र्याचा बंगला’ आणि त्याच लेखातील ‘हॉल हाऊस’साठी ‘दिवाणखान्याचे घर’ हे शब्द योग्य ठरतील का. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतलेली ही त्या संस्थेची पहिली इमारत आहे. तिच्याविषयी मराठीत लिहिले जात आहे याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हे दोन्ही शब्द मला मान्य नाहीत.

‘बंगला’ हा शब्द मुळात बंगालच्या घरावरून आला आणि आपल्याकडून इंग्रजीत गेला. १४व्या शतकातील लाकडी चौकटीच्या, गवताने शाकारलेल्या घराला तो लावला, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे व्हरांड्याची साहेबी वास्तू उभी राहील. ‘पाद्र्याचे घर’ एवढे पुरेसे आहे. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. ‘रेक्टर’ आणि ‘विकर’ या पाद्र्यांच्या दोन पदांत मात्र फरक करावा लागेल. गावच्या उत्पन्नाचा दशांश पूर्णपणे ज्याच्या हाती येई तो रेक्टर. तो हक्क मठाकडे किंवा अन्य कोणाकडे गेला असेल, तर त्याच्या वतीने चर्चचे काम पाहणारा तो विकर. त्याचे लॅटिन मूळ ‘बदली माणूस’ या अर्थाचे आहे आणि गोव्याच्या कोंकणीतील ‘विगार’ हा शब्दही त्याच मुळातून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे.

खरी अडचण ‘हॉल’ची आहे. हे घर वील्डन, म्हणजे आग्नेय इंग्लंडमधील वील्ड प्रदेशाच्या, धाटणीचे आहे. अशा घरांत मधला भाग जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा असे. तिथेच उघड्या चुलाणात जाळ पेटे, धूर छपराकडे चढे, तिथेच घरधनी बसे आणि पंगतही तिथेच होई. दिवाणखाना ही अनेक खोल्यांपैकी एक खोली असते, तर हा हॉल म्हणजे घराचा गाभाच होता. ‘माजघर’ हा शब्द मला फार मोहवतो, कारण ‘माज’ म्हणजे मध्य आणि हॉलही मध्येच असतो. तरीही आपले माजघर परक्यांच्या नजरेआडचे असते, हॉलमध्ये मात्र पाहुण्याला मानाने बसवत. म्हणून ‘हॉल’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘आढ्यापर्यंत मोकळा असलेला मधला भाग’ असा खुलासा करावा.

बांधकामाच्या शब्दांसाठी इंग्रजीकडे पाहण्याचे कारणच नाही. दोन खांबांच्या ओळींमधल्या जागेला ‘बे’ म्हणतात, तो आपला खण. घर किती खणांचे, हे आपणही असेच मोजत आलो. डहाळ्या विणून त्यावर मातीचा लेप दिलेल्या भिंतीला ‘कूड’ हा नेमका शब्द आहे, जो कोकणात कारवीच्या काठ्यांच्या भिंतीसाठी वापरतात. या घराची जमीन खडूच्या दगडाचा चुरा घालून चोपलेली आणि आंबलेल्या दुधाने घट्ट केलेली आहे. तिथे ‘चोपलेली जमीन’ असेच लिहावे, ‘सारवलेली’ नको, कारण त्या शब्दाबरोबर शेण आपोआप मनात येते.

एका ठिकाणी मात्र तयार शब्द मला सापडत नाही. वील्डन धाटणीत दोन्ही टोकांच्या खणांवर माडी असते आणि ती खालच्या भिंतीच्या पुढे आलेली असते. छप्पर मात्र सलग एकच असल्याने मधल्या हॉलची भिंत मागे राहते आणि तिच्यापुढची वळचण खोल होते. पुढे आलेल्या या भागाला ‘सज्जा’ म्हणू नये, कारण सज्जा उघडा असतो आणि हा भाग चारी बाजूंनी बंदिस्त, खोलीचाच असतो. ‘पुढे काढलेली माडी’ हे साधे वर्णन मी स्वतः वापरेन.