हार्डविक हॉलला ‘चिरेबंदी वाडा’ म्हणावे काय?

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या हार्डविक हॉल या जुन्या दगडी घराविषयी मराठीत लिहिताना ‘चिरेबंदी वाडा’ असे म्हणावे काय, अशी पृच्छा आहे. माझ्या मते ‘चिरेबंदी’ निःशंकपणे वापरावे. ‘वाडा’ मात्र टाळावा.

चिरा म्हणजे घडवून चौकोनी केलेला दगड. तो कोणत्या जातीचा हे शब्दात गृहीत नाही. देशावर तो काळ्या पाषाणाचा असतो, कोकणात जांभ्याचा. त्यामुळे जवळच्याच खाणीतून काढलेल्या वालुकाश्माच्या, हार्डविकच्या घडीव भिंतींनाही चिरेबंदी म्हणण्यात काहीच वावगे नाही.

‘वाडा’ या शब्दाबरोबर मात्र विशिष्ट रचना येते. मध्ये चौक, भोवती ओसरी आणि सोपे, उजेड-वारा मुख्यतः चौकातून, आणि रस्त्याकडची भिंत बरीचशी बंद. बेस ऑफ हार्डविक या नावाने प्रसिद्ध असलेल्या श्रूजबरीच्या काउंटेस एलिझाबेथ यांनी १५९० ते १५९७ या काळात बांधवून घेतलेले, रॉबर्ट स्मिथसन यांच्या आराखड्याचे मानले जाणारे हे घर नेमके याच्या उलट, बाहेर पाहणारे आहे. त्यात चौकच नाही. धुरांडी आतल्या भिंतींतून वर नेल्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या मिळाल्या, आणि दगडी दांड्यांनी विभागलेल्या या खिडक्या मजल्यागणिक उंच होत जातात. कारण तळमजला चाकरमंडळींचा, मधला मालकिणीच्या नित्य वावराचा आणि सर्वांत वरचा समारंभाच्या दालनांचा. काच अतिशय महाग असलेल्या त्या काळात एवढी तावदाने बसवणे हे ऐश्वर्याचे उघड प्रदर्शन होते, म्हणूनच ‘भिंतीपेक्षा काच जास्त’ अशा अर्थाची यमकबद्ध उक्ती या घराविषयी रूढ झाली. सहा मनोऱ्यांच्या माथ्यांवर तर मालकिणीची ‘ई’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरे दगडात घडवून, दुरूनही वाचता येतील अशी उभी केली आहेत. असे घर ‘वाडा’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येणारच नाही.

त्यामानाने ‘हवेली’ बरा; मराठीत तो श्रीमंताचे भव्य घर एवढेच सुचवतो. शिवाय आपल्याकडे ‘हॉल’ म्हणजे बैठकीची खोली, त्यामुळे नुसते ‘हार्डविक हॉल’ वाचून ते एखादे दालन वाटण्याचा संभव आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘हार्डविक हॉल ही चिरेबंदी हवेली’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘हार्डविक’ म्हणावे.