कपडा उघडतो कुठून, ते आधी पाहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बाळ सव्वा महिन्याचे झाले, तुझी झोप अजून तुकड्यातुकड्यांनी चालली आहे, आणि परवा बाहेर जायचे म्हणून कपाट उघडून दहा मिनिटे नुसती उभी राहिलीस व शेवटी तोच गाऊन पुन्हा अंगात घालून बाहेर जाण्याचा बेतच रद्द केलास, हे सगळे वाचले. त्याखाली ‘इतक्या क्षुल्लक गोष्टीबद्दल विचारते म्हणून हसू नका बाई’ अशी ओळ आहे. मी हसले नाही. या वयाचे बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पिते. म्हणजे तितक्या वेळा, बहुधा एका हाताने आणि बऱ्याचदा अर्धवट झोपेत, जिला अंगावरचा कपडा बाजूला करावा लागतो, तिच्यासाठी कपडा क्षुल्लक कसा असेल? तुझ्या कपाटात कपडे कमी नाहीत. ते ज्या ठिकाणी उघडायला हवेत त्या ठिकाणी उघडत नाहीत, एवढेच.

हे मला शिवणकाम शिकवून कळले नाही. फजिती होऊन कळले. माझे थोरले मूल तीन महिन्यांचे असताना मी एका समारंभाला गेले होते. अंगात मीच शिवलेला ड्रेस होता: गळा बंद, अंगाबरोबर बसणारा, पाठीला मानेपासून कमरेपर्यंत चेन. आरशात तो फार सुरेख दिसत होता. तासाभराने मूल रडू लागले तेव्हा लक्षात आले की त्याला पाजायचे तर हा ड्रेस संपूर्ण उतरवण्यावाचून मार्ग नाही. खुर्च्या रचून ठेवलेल्या एका खोलीत, दाराला पाठ लावून, ड्रेस कमरेपर्यंत खाली घेऊन मी वीस मिनिटे बसले; मध्येच कोणीतरी बाहेरून दार ढकलले आणि मी पाठीने ते दाबून धरले. नंतर चेन पुन्हा वर ओढायला मला मदतीला कोणाला तरी हाक मारावी लागली. इतरांना मापे घेताना मी ‘हात वर करा, वाका, बसून पाहा’ असे शंभरदा सांगत असे; स्वतःच्या बाबतीत मात्र ‘मूल मांडीवर घेऊन पाहा’ हे सुचले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट ही कर. आरशासमोर उभे राहून कपडा पारखण्याची सवय काही महिन्यांपुरती सोड. कपडा अंगात घालून खुर्चीवर बस, डाव्या कुशीत एखादी जाड उशी घे आणि केवळ उजव्या हाताने कपडा उघडून पाहा. मग उशी उजवीकडे घेऊन डाव्या हाताने. दोन्ही बाजूंनी चार-पाच सेकंदांत जमले, आणि तितक्याच सहजपणे पुन्हा बंदही करता आले, तर तो कपडा कपाटाच्या पुढच्या भागात राहील. घट्ट काज्यांची बारीक बटणे, मागच्या गाठी, ताणल्याशिवाय डोक्यातून न निघणारे गळे हे सगळे मागच्या भागात जाईल. कपाटाचा निम्मा गोंधळ एवढ्यानेच मिटतो, आणि बहुतेकींना आश्चर्य वाटते की आपल्या जुन्या कपड्यांतलेच कितीतरी कपडे या परीक्षेत उत्तीर्ण होतात.

पुढून पूर्ण उघडणारा शर्ट किंवा कुर्ता यात सर्वांत भरवशाचा. मात्र तो वरून खाली उघडण्याची आपल्याला सवय असते; पाजताना खालची बटणे काढून कपडा खालून वर घ्यावा, म्हणजे छातीचा वरचा भाग झाकलेला राहतो आणि बाळाच्या डोक्याने खालचा भाग आपोआप झाकला जातो. एकावर एक येणारा तिरपा गळाही सोयीचा, पण त्याच्या दोन्ही बाजू छातीवर चांगल्या चार बोटे एकमेकींवर चढलेल्या असाव्यात. नाहीतर वाकले की गळा उघडा पडतो आणि दिवसभर टाचण्या शोधत बसावे लागते. गळाबंद टी-शर्टच आवडत असेल तर त्याच्या आत लवचीक पट्ट्यांची बनियन घाल. वरचा कपडा वर घ्यायचा, आतली बनियन खाली ओढायची; पोट आणि पाठ झाकलेली राहते, आणि हा उपाय कुठल्याही सैल टी-शर्टला चालतो. पाजण्यासाठी म्हणून खास शिवलेले महागडे टॉप मिळतात, त्यांतले काही छानही असतात, पण अशा दोन बनियन हाताशी असल्या तर त्या टॉपची गरज फारशी उरत नाही, असे माझे मत आहे.

ब्राच्या बाबतीत मात्र काटकसर करू नकोस. पैसे खर्च करायचे तर तिथे कर. पण घाईने अर्धा डझन घेऊन ठेवू नकोस. पहिल्या काही आठवड्यांत छाती सकाळी एका मापाची आणि संध्याकाळी दुसऱ्या मापाची असते. दूध किती लागते याचा अंदाज शरीराला येऊन माप स्थिरावायला साधारण दीड-दोन महिने जातात. तोवर तारेविना, मऊ, ताणणाऱ्या कापडाच्या दोन-तीन पुरेत: एक अंगात, एक धुण्यात, एक वाळत. मग पुन्हा माप घे, आणि नवी घेताना छाती भरलेली असताना घालून पाहा. बाळाने नुकतेच पिऊन रिकामी केलेली छाती या कामी फसवी असते. घेरपट्टी सरळ आडवी बसली पाहिजे आणि भार पट्टीने पेलला पाहिजे; खांद्याच्या पट्ट्यांवर सगळा भार आला की मान आणि खांदे दुखतात, आणि पाजताना ते तसेही अवघडलेले असतातच. कप खाली सोडणारी क्लिप एका हाताने निघते का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका हाताने लागते का, हे दुकानातच पाहा. ब्रा काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसत असतील तर ती तुझ्या मापाची नाही. एकाच जागी सतत दाब पडला तर तिथले दूध अडून गाठ धरू शकते. अशी गाठ लाल आणि गरम झाली किंवा अंगात कणकण आली, तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखव.

आता पान्ह्याविषयी, कारण तुझ्या पत्रातली खरी भीती तीच आहे. बाळ एका बाजूला पिऊ लागले की दुसऱ्या बाजूलाही दूध उतरते. आपल्याच नव्हे, दुसऱ्याच्या बाळाचे रडणे ऐकूनही पान्हा फुटतो. एका वर्गात मी कापड कापणे शिकवत असताना एका विद्यार्थिनीचे मूल बाहेर रडले आणि माझ्या फिक्या राखाडी ब्लाउजवर दोन गोल डाग हळूहळू मोठे होऊ लागले. मी मापाची टेप गळ्यात घातली होती ती सोडून वहीच छातीशी धरली आणि उरलेला तास तशीच शिकवत राहिले. फिका राखाडी, आकाशी आणि एकरंगी रेशीम हे ओल लपवत नाहीत, उलट जाहिरात करतात. बारीक छाप, गर्द रंग, ठिपके, चौकडी किंवा सुरकुतलेले कापड यांवर ओल उमटली तरी नजर तिथे थांबत नाही. आत शोषक पॅड ठेवावेत. धुऊन वापरायचे सुती पॅड अंगाला मऊ लागतात. एकदा वापरून टाकायचे पॅड प्रवासात बरे. कोणतेही असोत, ओले झाले की बदलायचे, कारण ओलसर कापड सतत लागून राहिले की त्वचा चुरचुरते. सुती पॅड धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालू नकोस, त्याने कापडाची शोषून घेण्याची ताकद कमी होते. चारचौघांत पान्हा फुटल्याची झिणझिण जाणवली तर हाताची घडी घालून मनगटाने छाती क्षणभर हलकेच दाबून धरावी. ओघ बहुधा थांबतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात धुवावा. गरम पाण्याने दुधातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि पिवळसर कडे राहून जाते.

या सगळ्यात नीटनेटके, आकर्षक दिसणे कुठे बसते, असे तू विचारशील. माझ्या मते ते अगदी सोप्या हिशेबावर बसते. छातीवरचा भाग सध्या बाळाचा. तिथे भरतकाम, खडे, टिकल्या, मोठ्या पिना काहीच नको. बाळाचा गाल तिथेच टेकतो. नजर ओढून घ्यायचे काम बाकीच्या जागांना दे: चेहऱ्याला खुलणारा गळ्याजवळचा रंग, बाह्यांचा चांगला कट, घोळाची लांबी, पायांतले चप्पल-बूट, नीट कापलेले केस. वर सैल कपडा असेल तर खाली अंगाबरोबर बसणारा असू दे. दोन्हीकडे सैल घातले की माणूस आत हरवते. पुढून उघडे राहणारे हलके जाकीट ही तर या दिवसांतली सर्वांत गुणी वस्तू आहे. त्याने आतला साधा कपडाही ठाकठीक दिसतो, पाजताना बाजू झाकल्या जातात, आणि बाळाने खांद्यावर गुळणी टाकली तर ते काढून ठेवले की खालचा कपडा कोरडा. साडी नेसायची असेल तर पदराने निम्मे काम होते. ब्लाउज मात्र पुढे हुक असलेला हवा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींत इंच-दीड इंच माया सोडलेली हवी, म्हणजे तो आता उसवून वाढवता येईल आणि पुढे पुन्हा आत घेता येईल.

सिझेरियन झालेल्या बाईने कमरपट्टीकडेही पाहावे. टाक्यांच्या रेषेवर घासणारा इलास्टिक नको, त्या रेषेच्या बराच वर बसणारा मऊ पट्टा हवा. पहिल्या आठवड्यांत रात्री घाम फार येतो, तेव्हा झोपताना सुतीच घाल.

दागिन्यांचे म्हणशील तर आणखी दोन-तीन महिन्यांत बाळ दिसेल ती वस्तू मुठीत धरू लागेल. लोंबते डूल, नाजूक साखळी आणि दोऱ्यात ओवलेले मणी तोवर डबीत जाऊ देत. तुटलेला मणी बाळाच्या तोंडात जाणे ही साधी गोष्ट नव्हे. कानांत लहान कुड्या पुरेशा उठून दिसतात. अत्तरही सध्या बेताने. १९७५ मध्ये एडन मॅकफार्लेन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: नवजात बाळाच्या डोक्याच्या एका बाजूला त्याच्या आईचा वापरलेला पॅड आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाईचा, असे ठेवले असता सहा दिवसांची बाळे आईच्या पॅडकडे अधिक वेळ वळलेली आढळली. ज्या वासावरून ते तुला ओळखते त्यावर बाटलीतला वास कशाला चढवायचा?

चारचौघांत पाजताना झाकायचे की नाही, हे तुझे तू ठरव; तुला ज्यात मोकळे वाटेल ते योग्य. झाकायचेच असेल तर पातळ सुती ओढणी घे, बाळाच्या तोंडावर हवा खेळती राहू दे आणि त्याचा चेहरा तुला वरून दिसत राहू दे. जाड शालीखाली बाळ उकडून निघते. आणि चार-पाच महिन्यांचे झाल्यावर ते स्वतःच ती ओढणी ओढून टाकेल व इकडेतिकडे पाहत बसेल, तेव्हा ओढणीपेक्षा उघडायला सोपा कपडाच उपयोगी पडेल. कामावर परत गेल्यावर दूध काढून ठेवायचे असेल तर तिथेही पुढून उघडणारेच कपडे घाल, आणि मेजाच्या खणात गर्द रंगाचा एक टॉप कायमचा ठेवून दे.

नवे घेताना आणखी एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर २ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ पाजण्याची शिफारस करते. तू किती काळ पाजशील ते तुझ्यावर आणि बाळावर अवलंबून आहे, पण हे चार दिवसांचे नक्कीच नाही. तेव्हा ‘कसेतरी भागवायचे’ म्हणून न आवडणारा कपडा घेऊ नकोस. पाजणे थांबल्यावरही हौसेने घालशील असाच घे.

तुझा तो निळा ड्रेस माझ्याकडे पाठवून दे. त्याला पुढे दोन्ही बाजूंना खांद्यापासून खाली येणाऱ्या उभ्या शिवणी आहेत, हे मला आठवते. त्या छातीच्या भागात उसवून आत न दिसणाऱ्या, वीस-बावीस सेंटिमीटरच्या दोन चेनी बसवता येतील. चेनीच्या मागे मऊ सुताची पट्टी लावीन, म्हणजे दाते तुलाही टोचणार नाहीत आणि बाळाच्या गालालाही. बंद असताना शिवण आहे तशीच दिसेल. सोबत माप पाठव, पण ते आत्ताचे पाठव, आणि सकाळी बाळाला पाजण्यापूर्वी घेतलेले असू दे.

तुझी,
बाई