ऋणात राहावे की उतराई व्हावे?

पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशातील एक वाक्य पाठवून त्याविषयी विचारणा केली आहे. ते वाक्य असे: ‘माझ्या मार्गदर्शक सरांचे औपचारिक आभार मानून मी त्यांच्या ऋणातून उतराई होऊ इच्छित नाही, त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल.’ ते वाचून मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे तू कर्ज बुडवणार तर!’ वाक्य बरोबर आहे की मैत्रीण, आणि अशा ठिकाणी आभारी, ऋणी व कृतज्ञ यांपैकी कोणता शब्द योजावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्नकर्त्यांनी हे वाक्य स्वतः घडवलेले नाही, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. कोणत्याही सभागृहात कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शनाला उभे राहिलेले गृहस्थ हमखास हेच म्हणतात, आणि तोवर मागच्या दोन-तीन रांगा रिकाम्या झालेल्या असल्यामुळे त्याचा अर्थ तपासून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. प्रबंधात मात्र ते छापले जाणार आहे.

आभार या शब्दात भार आहे आणि त्याच्या मुळाशी वाहणे, धारण करणे या अर्थाचा ‘भृ’ धातू आहे. उपकाराचे जे ओझे आपल्यावर आले, ते आभार. आणि ‘आभार मानणे’ म्हणजे ते ओझे आपल्यावर आहे हे मान्य करणे. येथील ‘मानणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे, कारण मान्य केल्याने ओझे उतरत नाही. उलट ते आहे याची चारचौघांत कबुली दिली जाते. त्यामुळे ‘आभार मानून ऋणातून उतराई होणे’ हा सगळा प्रयोगच एका गैरसमजावर उभा आहे. आभार मानणारा आणि ऋणात राहणारा हे दोन वेगळे इसम नव्हेत. धन्यवादाचे तसे नाही. ‘तुम्ही धन्य आहात’ असे म्हणणे, म्हणजे स्तुती करणे, हा त्याचा मूळ अर्थ; म्हणून धन्यवाद द्यायचे असतात आणि आभार मानायचे असतात. हल्ली कानावर येणारे ‘सरांना आभार’ आणि ‘धन्यवाद करतो’ हे दोन्ही प्रयोग टाळावेत.

आता उतराईकडे वळू. हा शब्द उतरणे या क्रियापदापासून आला आहे. त्याच्या मागे जो ‘उत् + तॄ’ (तॄ म्हणजे तरून जाणे) आहे तोच उत्तीर्ण या शब्दातही आहे, आणि जुन्या मराठीत उत्तीर्ण होणे म्हणजे ऋणातून मोकळे होणे असाही अर्थ होता. नंतर तो शब्द परीक्षेपुरता उरला. उतराई हा शब्द कसा वापरावा, याचा सर्वांत चांगला दाखला पुण्याजवळच्या देहूचाच आहे. ‘काय सांगो आता संतांचे उपकार । मज निरंतर जागविती ॥’ असे म्हणून तुकोबा पुढे विचारतात, ‘काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा ॥’ तुकोबांना उतराई व्हायचे आहे. अडचण एवढीच आहे की त्यासाठी जीव पायी ठेवला तरी तो थोडाच पडतो. ‘उतराई होता येणार नाही’ यात आपल्या सामर्थ्याची मर्यादा सांगितली जाते, तर ‘उतराई होऊ इच्छित नाही’ यात इच्छेचाच अभाव सांगितला जातो. प्रश्नकर्त्यांच्या मनात पहिले आहे, कागदावर दुसरे उतरले आहे. मैत्रिणीचा शेरा खोचक असला तरी व्याकरणाला धरून आहे.

ऋणफेड नको म्हणण्याचा अधिकार आपल्या परंपरेत शिष्याचा नव्हेच, असला तर तो गुरूचा. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वरतंतू ऋषी आपला शिष्य कौत्स याने केलेली सेवा हीच दक्षिणा मानून समाधानी आहेत, पण कौत्स पुन्हा पुन्हा हट्ट धरतो, तेव्हा ते रागावून चौदा विद्यांच्या हिशेबाने चौदा कोटी आणायला सांगतात. त्याच्याही कितीतरी आधी यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेने जन्मतःच येणारी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतील ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फेडावयाचे आहे. हे लक्षात घेतले तर प्रबंध पुरा करणे हाच त्या कर्जाचा एक हप्ता ठरतो, आणि तो तर प्रश्नकर्त्या भरतच आहेत.

ऋणी हा शब्द चांगला आणि भारदस्त आहे. ऋणाईत हा जुना शब्दही मला प्रिय आहे. याच कुळातला ‘ऋणको’ मात्र सहकारी पतसंस्थेच्या कागदपत्रांबाहेर फिरकत नाही, आणि ‘ऋणानुबंध’ म्हणजे पूर्वजन्मीच्या देण्याघेण्यातून आलेला संबंध असल्यामुळे ‘सरांविषयी ऋणानुबंध व्यक्त करते’ हे चूक आहे.

तरीही या ठिकाणी मी कृतज्ञ हा शब्द निवडीन. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. त्यात ओझे नाही आणि हिशेबही नाही, पण एक अट आहे: काय केले, ते माहीत असले पाहिजे. ‘सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल कृतज्ञ आहे’ या वाक्यात ‘कृत’ कोठेच दिसत नाही. ते कोणत्याही विभागातल्या कोणत्याही सरांविषयी चालेल. प्रश्नकर्त्यांनी पत्रात सहज लिहून टाकले आहे की सर प्रकरणांच्या खर्ड्यांवर समासात पेन्सिलीने फक्त ‘हे कशावरून?’ एवढेच लिहीत, आणि त्या दोन शब्दांपायी त्यांना एकदा पुराभिलेखागारात जाऊन मूळ कागद पाहावा लागला, तेव्हा आधीच्या अभ्यासकाने दिलेले साल चुकीचे निघाले. हे ऋणनिर्देशात यायला हवे. माझ्या मते वाक्य असे करावे: ‘माझ्या प्रत्येक विधानापुढे “हे कशावरून?” असे लिहून सरांनी मला मूळ कागदापर्यंत जायला शिकवले, त्याबद्दल मी त्यांच्याविषयी कृतज्ञ आहे. या ऋणातून उतराई होणे माझ्या आवाक्यातले नाही.’

या वाक्याच्या आधी ‘आभार’ हवे असतील तर तेही खुशाल मानावेत, पण ‘मानू इच्छिते’ असे लिहू नये. इच्छा आहे तर मानूनच टाकावेत. शिवाय मूळ खर्ड्यात ‘गुरूवर्य’ असे लिहिले आहे, ते ‘गुरुवर्य’ करावे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनुसार एकटा ‘गुरू’ दीर्घ लिहितात, पण गुरुवर्य, गुरुदक्षिणा, गुरुपौर्णिमा अशा सामासिक शब्दांत तो संस्कृतातल्याप्रमाणे ऱ्हस्वच राहतो.