जुळ्यातलं एक करडू वाढतच नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून समजलं ते असं: उस्मानाबादी शेळी, जुळं वेत. त्यातला बोकड (नर करडू) दणकट आहे, पण पाट (मादी करडू) दीड महिन्याची झाली तरी पाठीची हाडं हाताला लागतात, केस उभे राहिलेत, पोट तेवढं मोठं दिसतं, मधूनमधून पातळ हगते. जंताचं औषध आणि लिव्हर टॉनिक देऊन झालं, फरक नाही. घरचे म्हणतात दृष्ट लागली. आणि ही पाट पुढे पैदाशीला ठेवावी का, हेही तुम्ही विचारलंय.

टॉनिकची बाटली तूर्त फळीवर ठेवा आणि ताणकाटा आणा. डिजिटल लटकता काटा बाजारात स्वस्तात मिळतो. पिशवीत करडू घालून लटकवलं की वजन कळतं. उस्मानाबादी करडू जन्मतः साधारण २ ते २.५ किलोचं असतं आणि दूध पुरत असेल तर दिवसाला ५० ते १०० ग्रॅमनं वाढतं. म्हणजे दीड महिन्यात ते ५ किलोच्या आसपास यायला हवं. तुमची पाट ३ किलोवर असेल तर हे सुरुवातीपासूनचं आहे. ४ किलोपर्यंत नीट येऊन आता थांबली असेल तर अलीकडे काहीतरी झालंय. दोन्हीची कारणं वेगळी, उपायही वेगळे. डोळ्याच्या अंदाजावर यातलं काहीच ठरत नाही, कारण शेजारी दणकट बोकड असला की कुठलीही पाट मरतुकडीच दिसते.

माझा अनुभव असा की जुळ्यातलं मागे पडलेलं करडू आजारी असण्याआधी उपाशी असतं. हिशोब करून बघा. करडाला रोज वजनाच्या १० ते १५ टक्के दूध लागतं. ४ किलोच्या पाटीला ४०० ते ६०० मिली, ५ किलोच्या बोकडाला त्याहून जास्त. दोघांचं मिळून लिटरभर झालं. उस्मानाबादी शेळी मुळात मांसासाठीची. चारा-खुराक चांगला असेल तर लिटरभर देईलही, पण नुसत्या कडब्यावर असलेली शेळी निम्म्यावर येते. मग जो आधी सडाला लागतो आणि जोरानं ढुशी देतो त्याचं भागतं, दुसरं रिकाम्या सडाला चोखत बसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पितंय की!

खरंच किती पितंय हे काढायची सोपी युक्ती आहे. पाजण्याआधी वजन करा, पाजून झाल्यावर लगेच पुन्हा करा. मधला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. सकाळ-संध्याकाळ दोनतीन दिवस करा, कोडं सुटेल. त्याच वेळी शेळीची कास दाबून बघा. एक सड बंद, गरम किंवा कडक लागला, दुधात गाठी किंवा पाणी आलं तर दगडी, म्हणजे कासेचा दाह, झालीय आणि उपचार आईला हवा. करडाच्या तोंडावरही नजर टाका. ओठांवर खपल्या, फोड असतील तर तो मावा, म्हणजे तोंडाचा संसर्गजन्य रोग. दुखतं म्हणून करडू चोखत नाही. मावा माणसाच्या हाताला लागतो, तेव्हा हातमोजे घालूनच हात लावा.

पोट मोठं आणि अंग वाळलेलं हे पाहून बहुतेक जण लगेच जंत म्हणतात. जंत असूही शकतात. पण दूध कमी पडलेलं करडू भुकेपोटी लवकरच कडबा, माती, दोरी, जे मिळेल ते खायला लागतं. त्याच्या कोठीपोटाला (चारा पचवणारं पहिलं मोठं पोट) ते पचवण्याची ताकद अजून आलेली नसते. चोथा साठतो, पोट लोंबतं आणि अंगाला काहीच लागत नाही. तुमची पाट भिंत चाटते का, माती खाते का, ते बघा.

आता पातळ हगण्याबद्दल. दीड महिन्याच्या करडात माझा पहिला संशय कॉक्सिडिओसिसवर जातो, ज्याला बरेच जण रक्ती हगवण म्हणतात. हे आतड्याच्या अस्तरात वाढणारे एकपेशीय परजीवी. साधारण तीन आठवड्यांपासून चारपाच महिन्यांपर्यंतच्या करडांना ते जास्त छळतात. ओला, दाटीचा गोठा आणि लेंड्यांनी घाण झालेली गव्हाण हे त्यांचं घर. रक्त प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही. करडू कुंथतं, शेपटी घाणेरडी राहते, वाढ थांबते. तुमच्या जंताच्या औषधानं फरक पडला नाही त्याचं कारण कदाचित हेच असेल, कारण जंतनाशकाचा या परजीवींवर काही परिणाम होत नाही. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती वजनावर द्यावी लागतात.

पाट आईबरोबर चरायला जाते का? जात असेल तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढरटफटक असेल तर रक्त कमी झालंय. पावसाळ्यानंतर असं दिसलं, जबड्याखाली मऊ सूज आली, तर चौथ्या पोटात रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता बरीच. अजून चरायला गेलीच नसेल आणि तरी पापणी पांढरी असेल तर कानामागे, जांघेत केस बाजूला करून बघा. पिसवा आणि उवा एवढ्या जिवाचं रक्त इतकं शोषतात की नुसत्या त्यांच्यामुळे करडं दगावतात. मात्र मोठ्या शेळ्यांवरचं फवाऱ्याचं औषध करडावर मारू नका.

अंदाजावर औषधं बदलत बसण्यापेक्षा सकाळची ताजी हगवण छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. जंताची अंडी की कॉक्सिडिया, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. आधी काय दिलंय त्या बाटल्याही डॉक्टरांना दाखवा. गावाकडे जंतावर तंबाखूचं पाणी पाजणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून घरी पाठवा. एवढ्याशा जिवाला ते विषच आहे.

तोवर घरी करायचं ते म्हणजे वरचं दूध. शेळीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर गाईचं चालतं. पाणी घालायचं नाही, साखर घालायची नाही. उकळून कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम उबदार लागावं. दिवसाची गरज तीनचार वेळांत विभागा. आईचं पितेय तेवढं त्यातून वजा करा, नाहीतर एकदम जास्त होऊन हगवण वाढेल. बाटलीनं पाजताना करडू उभं असावं, मान किंचित वर, आणि त्यानं स्वतः चोखावं. चोखल्यामुळे दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. नळीनं किंवा बाटली पिळून घशात ओतलेलं दूध कोठीपोटात जाऊन सडतं, किंवा फुप्फुसात जातं. तेल पाजतानाही हेच होतं. दोन दिवसांनी धाप लागते आणि लोक म्हणतात, सर्दीनं गेलं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. करडू लोळागोळा झालं असेल तर आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं, किंवा गुदद्वारात धरलेल्या थर्मामीटरवर १०० फॅरनहाइटच्या खाली आलं, तर दूध पाजू नका. गार पडलेलं शरीर पचवू शकत नाही आणि गिळूही शकत नाही. आधी पोत्यात गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून शेजारी ठेवा, डॉक्टरांना फोन करा. अंग १०१-१०२ पर्यंत आलं आणि बोट चोखायला लागलं की मग पाजा. हगवण पातळ असेल तर माणसांचं ओआरएस दुधाच्या दोन पाजण्यांच्या मधे द्या, पण दूध बंद करू नका.

पाटीला बोकडापासून रात्री वेगळं ठेवा, कोरड्या जागी. पाजायच्या वेळी आईकडे आधी तिला सोडा, नंतर त्याला. कोवळा पाला समोर टांगा: शेवरी, हादगा, थोडं सुबाभूळ. लवकर भरावी म्हणून एकदम भरडा घालू नका, आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) अशाच वेळी गाठतो. त्याची लस दिली नसेल तर दवाखान्यात तेही विचारा, आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची लस तीन-चार महिन्यांची झाली की टोचून घ्या. शेळीला खुराक वाढवा, मूळ दुखणं तिच्याच गव्हाणीत असू शकतं.

दृष्टीचा काळा दोरा बांधायचा तर बांधा, माझी हरकत नाही. फक्त सैल बांधा आणि वजन वाढायला लागलं की बदला, मान जाड होत जाते तसा तो रुततो.

पैदाशीचं आत्ता ठरवू नका. दूध कमी पडलं किंवा कॉक्सिडिओसिस झाला म्हणून मागे राहिलेली पाट नंतर बरीच भरून निघते, मी अशा पाटी ठेवल्या आहेत. मात्र बरोबरीच्या पाटी आठदहा महिन्यांत माजावर आल्या म्हणून हिलाही बोकड दाखवू नका. २० ते २२ किलो झाल्याशिवाय नाही, मग त्याला वर्ष लागो की सव्वा वर्ष. उपचार आणि दूध नीट होऊनही महिनाभर काटा हललाच नाही, तर मात्र तिच्यात काहीतरी जन्मजात आहे असं धरा आणि पैदाशीतून वगळा. तपासणीचा निकाल आणि आठवडाभराची वजनं इथे टाका, पुढचं त्यावरून सांगता येईल.