ऑपरेशन झालं, पण बाबा जेवायलाच तयार नाहीत

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. मूळव्याधीचे कोंब कायम बाहेरच असायचे, ढकलले तरी आत जात नव्हते, चौथी ग्रेड म्हणून सांगितलं. कापून काढायचं ऑपरेशन होऊन आज सहा दिवस झाले. तिसऱ्या दिवशी संडासला गेले तेव्हा इतकं दुखलं की तेव्हापासून जेवायलाच नको म्हणतात, नुसत्या चहा-बिस्किटावर आहेत. आज धुताना थोडं रक्तही दिसलं. टाके तुटले असतील का? स्टेपलरवालं ऑपरेशन करायला हवं होतं का?

उत्तर: ताई, आधी बाबांना जेवायला घाला, बाकीचं मग बघू. न जेवल्याने संडास टळत नाही, ती आतच राहून दगडासारखी होते आणि मग खरंच जखम फाटते, म्हणजे ज्या दुखण्याला ते घाबरतायत तेच जास्त होणार. मऊ भात, वरण, तूप, ताक, शिजवलेली पालेभाजी, पपई, काहीही चालेल, फक्त तिखट थोडे दिवस नको. रात्री इसबगोल द्या पण त्याबरोबर मोठा ग्लासभर पाणी पाहिजेच, पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडकून बसतं. डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं असेल ते बंद करू नका. आणि वेदनेच्या गोळ्यांत ट्रामाडॉल आहे का बघा, त्याने कडक होते, असेल तर तुमच्या सर्जनला फोन करून विचारा.

संडासहून आले की कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसवा, दिवसातून तीन-चार वेळा. साधं पाणी पुरे, डेटॉल वगैरे अजिबात नको, आग होते. या बसण्याने आवळलेला स्नायू सैल पडतो, दुखणं बरंचसं त्या आवळण्याचंच असतं. पहिले दोन आठवडे त्रास राहतोच, जखम पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे लागतात.

टाक्यांचं म्हणाल तर या ऑपरेशनात बऱ्याचदा जखम मुद्दाम उघडीच ठेवतात, त्यामुळे धुताना थेंब-दोन थेंब दिसणं ठीक आहे. पण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत नीट लक्ष ठेवा, खपली सुटताना कधीकधी एकदम जास्त रक्त जातं. गाठी पडल्या, कपडे भिजले, चक्कर आली तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. लघवी अडली, ताप आला किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं तरीही तसंच, कारण हे क्वचित होतं पण आतल्या इन्फेक्शनचं लक्षण असू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने सुरूही करू नका, बंदही करू नका.

स्टेपलरने, म्हणजे कोंब कापून न काढता यंत्राने वर खेचून आत टाचायच्या ऑपरेशनने, सुरुवातीला दुखतं कमी हे खरं, पण मूळव्याध परत यायची शक्यता त्यात जास्त आणि चौथ्या ग्रेडला कापूनच काढणं बहुतेक वेळा योग्य असतं. तुमच्या सर्जननी चुकीचं काही केलेलं मला तरी दिसत नाही. उद्या सकाळी संडासला जायच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी द्यायची का ते त्यांना आजच विचारून घ्या, म्हणजे बाबांची भीती जरा कमी होईल.