करकायद्याची जोडपदवी : आधी कोर्ट ठरवा, मग अर्ज

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहते. मुंबई विद्यापीठातून बी.कॉम. झाले, सीए इंटरमिजिएट पास आहे. अमेरिकेत जे.डी. (तिथली कायद्याची पहिली पदवी) आणि टॅक्सेशनची एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) एकत्र करायची आहे. अर्ज एकच की दोन? सुरुवात कशापासून करू?

उत्तर : बहुतेक ठिकाणी दोन. न्यूयॉर्क, जॉर्जटाऊन, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांत ही जोडपदवी आहे, पण आधी मिळवायचा तो जे.डी.चा प्रवेश. एलएल.एम.चा अर्ज सहसा तिथे शिकत असतानाच, आयकराचा पायाभूत विषय चांगल्या गुणांनी सुटल्यावर करतात. जे.डी.ला किमान ८३ क्रेडिट्स (अभ्यासक्रमाच्या भाराची एककं) लागतात, टॅक्सच्या एलएल.एम.ला साधारण २४. काही क्रेडिट्स दोन्हीकडे धरली जातात, त्यामुळे चारऐवजी साडेतीन वर्षांत किंवा त्याआधीही दोन्ही पदव्या हाती येतात. किती क्रेडिट्स धरतात हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांत वाचा. एका सत्राची फी वाचते ती तिथेच.

जे.डी.साठी एलसॅट ही प्रवेश परीक्षा द्या. ऑगस्ट २०२४ पासून त्यातून लॉजिक गेम्स हा तर्ककोड्यांचा भाग गेला आहे, तेव्हा कुणाची जुनी पुस्तकं मिळाली तर तो भाग सोडून द्या. गुणपत्रकं एलसॅक या एलसॅट घेणाऱ्या संस्थेकडे विद्यापीठाकडूनच जावी लागतात. तुम्ही स्वतः काढलेली स्कॅन चालत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत एकत्रित गुणपत्रक) मिळायला वेळ लागतो आणि अर्ज अडतात ते इथेच. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि आलेल्या क्रमाने तपासले जातात, म्हणून ट्रान्सक्रिप्टची मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. परदेशी गुणपत्रकांना एलसॅक जीपीए (गुणांची आकड्यातली सरासरी) देत नाही, फक्त श्रेणी देते. साहजिकच तुमच्या बाबतीत एलसॅटचं वजन वाढतं. तीन वर्षांची बी.कॉम. चालेल का, हे प्रत्येक विद्यापीठाला आधी लेखी विचारा, फी भरल्यावर नको.

व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० या प्रमाणपत्रावर आधी जे.डी.चाच कालावधी असतो. जादा सत्र घ्यायचं तर त्यावरची शेवटची तारीख उलटण्यापूर्वी मुदतवाढ घ्या. शैक्षणिक कर्जही पूर्ण मुदतीचा हिशेब मांडूनच मंजूर करून घ्या.

आता खरा प्रश्न. वकिली कुठे करणार? मुंबईत असेल, तर आम्ही हा मार्ग सुचवणार नाही. सीए झाल्यावर आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत बाजू मांडता येतेच; वकिलाची सनद लागते ती उच्च न्यायालयासाठी. परदेशी पदवीवर सनद हवी, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते आणि वर पात्रता परीक्षा द्यावी लागते. त्यापेक्षा राज्याची सीईटी देऊन इथेच तीन वर्षांची एलएल.बी. करणं कितीतरी सरळ. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, पण कॅप फेरीची (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी वेगळी असते. परीक्षा दिली म्हणजे झालं असं समजून दरवर्षी मुलं ती चुकवतात. हजेरी ७० टक्के लागते. सीएची आर्टिकलशिप (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) चालू असेल तर कॉलेजच्या वेळा आधी बघा.

अमेरिकेतच करकायद्याचं काम करायचं असेल, तर मात्र जोडपदवी घ्या, आणि नि:शंकपणे.

प्रश्न : नेरूळला पाच वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मलाही जोडपदवीच घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही. कायद्याची पहिली पदवी तुमच्याकडे असेल, त्यामुळे फक्त टॅक्सची एलएल.एम. पुरे. एलसॅट लागत नाही. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागतात. पण त्या एलएल.एम.च्या जोरावर न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्यासाठीची) द्यायचा विचार असेल, तर विषय निवडताना जपा. २४ क्रेडिट्सपैकी व्यावसायिक आचारसंहिता, कायदेशीर संशोधन व लेखन आणि अमेरिकी कायद्याची ओळख यांना प्रत्येकी दोन, तर बार परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या इतर विषयांना सहा क्रेडिट्स द्यावी लागतात. सगळी क्रेडिट्स करविषयांवर खर्च झाली, तर पदवी मिळते पण परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या सत्राच्या नोंदणीआधीच विभागाकडून ही यादी तपासून घ्या.