मोसम पुलाच्या पलीकडे

प्रश्न : मुलीची मालेगावच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नेमणूक झाली आहे. घरात मात्र सुतकी वातावरण आहे. दीर म्हणतात, "तिथे कधी काय पेटेल नेम नाही, नोकरी सोड म्हणावं." मुलगी ऐकत नाही. ताई, बँकेच्या नोकरीत तुम्ही मालेगावात होतात असं मागे लिहिलं होतंत. पाठवू का तिला?
– एक आई, सातारा

उत्तर : पाठवा.

तुमच्या दिरांना मी दोष देणार नाही. २००४ साली माझी बदली झाली तेव्हा ती रद्द व्हावी म्हणून मीही साहेबांच्या केबिनबाहेर तासभर उभी होते. 'संवेदनशील शहर' हे पेपरात वाचून वाचून डोक्यात बसलेलं. नाशिकला नारोशंकराच्या देवळात मी लहानपणापासून जाते, पण ते देऊळ बांधणाऱ्या नारोशंकर या पेशव्यांच्या सरदाराचा भुईकोट मालेगावात आहे, हे तिथे गेल्यावर कळलं.

घर कॅम्पात, म्हणजे अलीकडच्या हिंदूबहुल भागात मिळालं, शाखा मोसम नदीच्या पलीकडे, मागांच्या मुस्लिम वस्तीत. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांची पोरं-नातवंडं आमची खातेदार. यंत्रमागांच्या खडखडाटात काउंटरवर ओरडून बोलावं लागे. शुक्रवारी माग बंद, म्हणून त्या दिवशी आवाज खाली येई. कांड्या भरून, म्हणजे मागांसाठी सूत गुंडाळून, आठवड्याला मिळतील त्यातले पन्नास रुपये पासबुकावर टाकायला येणाऱ्या बायका मला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणायच्या.

८ सप्टेंबर २००६. शब-ए-बरात, म्हणजे मुस्लिमांचा आप्तांच्या कबरींवर जाऊन प्रार्थना करण्याचा दिवस, आणि शुक्रवार. दुपारच्या नमाजनंतर कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. संचारबंदी लागणार म्हणून शाखा बंद केली. आम्ही तीन बायका, पूल कसा ओलांडायचा? आमचा एक खातेदार, मागवाला, पुढे झाला आणि कॅम्पात प्रत्येकीला दारापर्यंत सोडून गेला. त्याचा भाचा जखमी होऊन दवाखान्यात आहे, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. आम्हाला कळलं चार दिवसांनी.

२००८ मध्ये भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. दोन्ही वेळा मेली ती याच गावची माणसं. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याच गावाला बॉम्बचं गाव म्हणायचं, याचा मला आजही संताप येतो.

पुलाच्या दोन बाजूंत दुरावा नाही असं मात्र सांगणार नाही. आहे. कॅम्पातल्या माझ्या शेजारीण वीस वर्षांत पलीकडे गेल्या नव्हत्या, आणि माझ्या खातेदार बायकांपैकी कितीजणी अलीकडे आल्या असतील कोण जाणे.

मुलीला विचारायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच. राहण्याच्या जागी पाणी किती दिवसांनी येतं? आमच्याकडे रोज येत नसे. रात्रपाळीनंतर घरी कशी येणार? मागांवरचा कापसाचा भुगा छातीत जातो, तेव्हा खोकल्याचे रुग्ण तिला भरपूर दिसतील. सटाणा, कळवण, देवळ्याकडून येणारे अहिराणी बोलतील, शहरातले उर्दू. दोन्हींतलं "कुठे दुखतं?" तिनं आधीच शिकून घ्यावं.

रुजू व्हायच्या दिवशी तुम्ही सोबत जा, दिरांनाही न्या. शुक्रवार सोडून कुठलाही वार चालेल. मोसम पूल चालत ओलांडा आणि माग चालू असताना तिथला चहा घ्या.